वहीवाली बाई आणि शिवबाई

शिवबाई रस्त्यानं चालली की दोन्ही हात पदराच्या बाहेर ठेवायची. ऊन असो, थंडी असो. नव्या पेठेतून जाताना तर ती दुकानांच्या ओळीपासून लांब, रस्त्याच्या मधोमध चालायची. मागून टांगेवाला ओरडला तरी चालेल, पण कुणाच्या मांडलेल्या कापडाला आपला पदर लागायला नको. रस्त्यावर पडलेली वस्तू तिनं उभ्या आयुष्यात उचलली नाही. एकदा गिरणीतून येताना पुढं चाललेल्या बाईच्या पायातलं जोडवं निसटून पडलं. शिवबाई जागच्या जागी थांबली आणि "अवो बाई, जोडवं पडलं तुमचं" म्हणून हाका मारत राहिली. ती बाई वळून आली तेव्हा शिवबाई जोडव्यापासून दोन पावलं मागं सरून, हात पसरून उभी होती.

हे शहाणपण तिला तारेनं शिकवलं होतं. इंग्रजांच्या राज्यात काही जातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, आणि सोलापुरात त्या लोकांना काटेरी तारेच्या आत आणून बसवलं होतं. कैकाडी, पारधी, भामटे, सगळे. शिवबाई कैकाड्याची. तिचा जन्मच तारेच्या आतला, बावीस सालचा. आत घरांच्या रांगा होत्या, शाळा होती, आणि एक मैदान होतं, जिथं रोज संध्याकाळी हजेरी व्हायची. बाहेर जायचं तर पास लागायचा आणि पासावर परत यायची वेळ लिहिलेली असायची. बावन्न साली तार निघाली. पण वस्तीचं नाव सेटलमेंटच राहिलं, आणि शहरात कुठंही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तिकडंच वळायची.

चौऱ्याहत्तर साली शिवबाई बावन्न वर्षांची होती. गिरणीत सूत गुंडाळायच्या, वाइंडिंग खात्यात कामाला होती. सुटी झाली की फाटकावर सगळ्याच बायांची झडती व्हायची, पण सेटलमेंटच्या बायांची जरा जास्त वेळ. नवरा सोमलिंग वारून नऊ वर्षं झाली होती. एकुलती मुलगी लग्न होऊन गुलबर्ग्याला होती. शेजारच्या घरात तिचा मामा, निंगप्पा राहायचा. आईचा धाकटा भाऊ. बासष्टीचा म्हातारा, तोंडानं सैल, मनानं मोकळा. शिवबाई त्याला रोज दोन भाकऱ्या द्यायची आणि चार गोष्टी सुनवायची.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी चौथ्या रांगेत एक तरुण बाई आली. अंगावर इस्त्रीची साडी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, काखेत जाड वही. शिवबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं आधी वही पाहिली, मग माणूस.

"मावशी, मी महानंदा. कॉलेजात शिकवते. तुम्ही लोक तारेच्या आत कसे राहत होता, ते मला लिहून घ्यायचंय."

"कशाला?"

"लोकांना कळावं म्हणून."

"लोकास्नी समदं म्हाईत हाय की. त्यास्नीच इचारा."

महानंदा हसली आणि न बोलावता पायरीवर बसली. हे शिवबाईला आवडलं नाही. गावातली माणसं वस्तीतल्या पायरीवर बसत नसत. बसली तर त्यात काहीतरी मतलब असायचा.

"तुमच्या वडिलांचं नाव काय, मावशी?"

"हिंदुराव," शिवबाई ताबडतोब म्हणाली.

"जन्म इथलाच?"

"न्हाय. माळशिरसचा. आमी मागनं आलो हितं. मला तारंतलं कायबी म्हाईत न्हाय."

माळशिरस तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पण महानंदानं ते वळणदार अक्षरात लिहून घेतलं, आणि शिवबाई तांदूळ निवडायचं सोडून तिच्या पेन्सिलीकडं बघत राहिली. वही घेऊन आलेलं माणूस तिनं आजवर एकाच कामासाठी पाहिलं होतं, पोलिसांसाठी नावं लिहून न्यायला.

निंगप्पामामाचं मात्र उलटं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी "मग काय झालं?" म्हणून विचारत होतं. दर रविवारी तो मैदानातल्या लिंबाखाली पोतं अंथरायचा आणि महानंदा आली की सुरू व्हायचा. लिंबासमोरच्याच आपल्या घराच्या कुडाला टेकून, दुसरीकडंच बघत असल्यासारखं करून शिवबाई ऐकायची.

आत राहणाऱ्यांच्या बोली पाच-सहा, पण लग्न निघालं की सगळ्या रांगा एक व्हायच्या, हे मामा सांगायचा. कैकाड्यांनी टोपल्या विणायच्या, पारध्यांनी तितर आणायचे, आणि मांडवात सेटलमेंटचा स्वतःचा ब्यांड. निंगप्पा मोठा ढोल वाजवायचा. संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेला दोन तासांचा पास मिळायचा. पोरंबाळं ओळीनं जायची, ओळीनं यायची, आणि पदरात बांधून आणलेले फुटाणे आठ दिवस पुरवून खायची. घरचा माणूस तुरुंगात गेला तर त्या घरची चूल विझू द्यायची नाही, हा कायदा मात्र तारेचा नव्हता, आतल्यांचा होता. रांगेतल्या प्रत्येक घरातून रोज एक भाकरी त्या घरी जायची. तिला म्हणायचे रांगेची भाकर.

"खाल्ली कुणी ती?" महानंदानं विचारलं.

"आमच्या शिवीनं खाल्ली की," मामा म्हणाला. "तीन म्हैने."

शिवबाई ताडकन उठून आत गेली. महानंदा गेल्यावर ती मामाच्या दारात उभी राहिली.

"जीभ हाय का चऱ्हाट? कोन कुटली बाई, तिच्यापुडं घरातलं वाढून ठिवतोस?"

"चांगली हाय पोरगी."

"चांगली हाय तर इस्त्रीची साडी नेसून हितं कशाला येती? ह्या वहीचं काय करती, इचारलंस?"

मामानं विचारलं नव्हतं. मग शिवबाईनंच छडा लावायचं ठरवलं. पुढच्या रविवारी महानंदा निघाली तशी ही चाळीस पावलं मागं ठेवून तिच्या मागं चालू लागली. वस्तीच्या तोंडाशी पोलीस चौकी होती. चौकीच्या दारात हवालदार उभा होता. त्यानं महानंदाला काही विचारलं, ती थांबली, दोघं बोलले. हवालदारानं काखेतल्या वहीकडं बोट केलं. महानंदानं ती उघडून दाखवली.

शिवबाई तिथूनच मागं फिरली. तिला जे बघायचं होतं ते दिसलं होतं. मामाला तिनं सांगितलं, तर तो म्हणाला, "वाट इचारली आसंल." शिवबाईनं त्या दिवशी त्याला भाकरी दिली नाही.

आठ-दहा दिवसांनी नव्या पेठेत एका सराफाच्या दुकानातून सोन्याचा गोफ गेला. गोष्ट दुपारी झाली आणि संध्याकाळी पोलिसांची गाडी सेटलमेंटात आली. हवालदाराच्या हातात कागद होता. कागदावरून त्यानं नावं वाचली, आणि सहा माणसं गाडीत घातली. त्यात निंगप्पामामा. बासष्ट वर्षांचा माणूस, ज्याला मोतीबिंदूनं समोरचा गोफ आणि सुतळी यातला फरक कळला नसता.

गाडीत चढताना मामा म्हणाला, "शिवे, माजं धोतर वाळत हाय, आत घे."

नावं कागदावर कुठून आली, याबद्दल शिवबाईच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं खाडा केला आणि नवी पेठ गाठली. महानंदा तिथली, हे मामाच्या बोलण्यात आलं होतं. महानंदाचं घर शोधायला वेळ लागला नाही. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान खाली आणि राहायचं मागच्या बाजूला. ओसरीवर महानंदाची आई मल्लव्वा बसली होती, साठीची, गळ्यात चांदीचं लिंग.

"यारव्वा?" तिनं कानडीत विचारलं. मग शिवबाईच्या हिरव्या गोंदणाकडं बघत मराठीत विचारलं, "कोण तुम्ही? कुठनं आलात?"

"सेटलमेंटातनं."

मल्लव्वाच्या शेजारी पितळी तांब्या होता, तो तिनं अलगद उचलला, आत नेऊन ठेवला आणि परत येऊन बसली. शिवबाईनं ते पाहिलं. असलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे.

आवाज ऐकून महानंदा बाहेर आली. शिवबाईनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"वही दाव."

"मावशी, काय झालं?"

"मामाला नेलं पोलिसांनी. कागद वाचून नेलं. तू चौकीत वही उगडून दावलीस, म्या माज्या डोळ्यांनी बगितलं."

महानंदाचा चेहरा उतरला. "तो हवालदार विचारत होता, चांगल्या घरची मुलगी सेटलमेंटात कशाला जाते म्हणून. मी सांगितलं अभ्यासाला. तर म्हणाला, बघू काय लिहिलंय. एक पान पाहिलं त्यानं, गड्ड्याच्या जत्रेचं. हसला आणि दिली परत."

"वही दाव."

महानंदानं वही आणून दिली. तिला वाटलं असावं, ही बाई ती फाडणार. पण शिवबाई पायरीवर बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. तारेच्या आतल्या शाळेत ती चार यत्ता शिकली होती. अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचत होती. स्वतःच्या नावापुढं ‘वडील हिंदुराव, जन्म माळशिरस’ वाचून ती तिथं थबकली, मग पुढं गेली. पोलिसांच्या कामाचं काहीच सापडेना. लग्नं, फुटाणे, ढोल, रांगेची भाकर. मग एक पान आलं, जे मामानं ती जवळ नसताना केव्हातरी सांगितलेलं असणार. महानंदानं ते मामाच्याच बोलीत उतरवलं होतं.

"रुद्रप्पा म्हंजे माजा दाजी. ब्यांडात क्लॅरिनेट वाजवायचा. बत्तीस साली नव्या पेठेत एका लग्नात आमी वाजवाया गेलो. पास दिवस मावळस्तवरचा. निगताना त्या घरची चांदीची वाटी सापडंना. बाकीच्यास्नी जाऊ दिलं, दाजीला धरलं, कारन त्यो ओसरीजवळ जेवाय बसला हुता. मी त्याच्यासाटी थांबलो. वऱ्हाडाम्होरं त्याला कापडं काढाय लावली. समदी. क्लॅरिनेट बी खोलून बगितलं. मंग वाटी नवरीच्या गादीखाली घावली. कुनी चूक झाली म्हनलं न्हाय, उशीर का झाला म्हनून चिठ्ठी दिली न्हाय. आमी पोचलो तवा हजेरी होऊन गेलती. मला फटके, दाजीला तीन म्हैने, कारन पास त्याच्या नावावर. त्या तीन म्हैन्यांत माजी भन तापानं गेली. दाजी सुटून आला आन त्यानं मला देवीची आन घातली. पोरीला सांगायचं न्हाय. दारू प्याया थांबला म्हनून सांग, म्हनला. बा दारुडा हाय म्हनली तर चालंल, पर बाला नागवा केला हे तिला कळाय नगं."

शिवबाईचं बोट त्या ओळीवर राहिलं.

ती तेव्हा दहा वर्षांची होती. आई तापानं फणफणत असताना ती रांगेची भाकर कुस्करून तिच्या तोंडात घालायचा प्रयत्न करायची आणि बापाला शिव्या द्यायची. लग्नात दारू पिऊन बसला म्हणून वेळ चुकली, म्हणून तुरुंगात गेला, म्हणून आई गेली, हा हिशेब तिनं तेव्हाच मांडून टाकला होता. पुढं नऊ वर्षं ती बापाशी एका घरात राहिली आणि कामापुरतंच बोलली. एकेचाळीस साली तो मरायला टेकला, तेव्हा त्याच्या तोंडात शेवटचं पाणी मामानं घातलं. शिवबाई दाराकडं तोंड करून उभी होती.

तिनं मान वर केली. "हे लग्नाचं घर कुनाचं?"

"मामांनी सांगितलं नाही," महानंदा म्हणाली. "मी दोनदा विचारलं. म्हणाले, आता काय करायचंय."

शिवबाई ओसरीकडं बघू लागली. तिथं जेवायला पाट मांडत असतील, मांडव दारात घालत असतील. नव्या पेठेत अशी घरं शंभर होती. मल्लव्वा दोघींकडं बघत होती. तिला वहीत काय आहे ते ठाऊक नव्हतं, किंवा तसं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

"अव्वा, तुझं लग्न कुठल्या साली झालं?" महानंदानं एकदम विचारलं.

"आता हे काय मधेच?" मल्लव्वा म्हणाली आणि उठून आत गेली.

शिवबाईनं पाहिलं, की आता ह्या पोरीच्या डोळ्यांतही तोच संशय आलाय, जो आपण आरशात रोज बघतो. तिला त्याचं बरं वाटलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "चौकीवर चल माज्यासंगं. त्यांच्या कागदावर काय हाय ते मला बगू दे. मंग ठरवीन तुजं."

चौकीत फौजदारानं महानंदाला खुर्ची दिली. शिवबाई उभीच राहिली. ते बघून महानंदाही उठून उभी राहिली, तेव्हा फौजदार जरा अवघडला. कागदाचं विचारल्यावर तो म्हणाला, "ही यादी? ही आमची जुनीच आहे बाई. सेटलमेंटच्या काळातली. दर काही वर्षांनी नक्कल करून घेतो."

"म्हंजे वहीतली न्हाय?"

"कसली वही?"

त्यानं यादी पुढं सरकवली. टंकलेखन केलेली, कडा मळलेल्या. शिवबाई बोट ठेवून वाचत गेली. निंगप्पा होता. ईश्वरप्पा होता, जो पासष्ट साली वारला. रावजी पारधी होता, जो कुठं गेला ते देवाला ठाऊक. आणि खाली, लाल शाईची खूण केलेला, सोमलिंग.

"हा एक सापडत नाही," फौजदार म्हणाला. "फरारी दिसतो."

"त्यो माजा मालक," शिवबाई म्हणाली. "नऊ वर्सं झाली मरून. न्ह्यायचा असंल तर मसनवट्यात चला, मी जागा दावते."

फौजदारानं घसा साफ केला. "दाखला आहे का मयताचा?"

"हाय की. घरी पेटीत हाय. आमी मेल्याचा बी कागद ठिवतो साहेब. तुमी इचारनार हे म्हाईत असतंय."

ती घरी गेली, दाखला घेऊन आली आणि फौजदारानं लाल रेघ मारून सोमलिंगचं नाव खोडेपर्यंत तिथून हलली नाही. मग ती म्हणाली, "आता ईश्वरप्पाचं बी खोडा. त्याचा दाखला त्याच्या सुनंकडं हाय, उद्या आनते." महानंदानं तिथल्या तिथं एक अर्ज लिहिला, की ह्या यादीत मेलेली माणसं आहेत, तिच्यावरून जिवंत माणसं धरणं बरं नाही, आणि खाली कॉलेजाचं नाव घालून सही केली. फौजदारानं तो दोनदा वाचला.

तिसऱ्या दिवशी सहाही जण सुटले. गोफ सापडला म्हणे. कुठं सापडला, कुणाकडं, ते वस्तीत कुणी सांगायला आलं नाही.

मामा एका डोळ्याखाली काळानिळा होऊन आला. शिवबाईनं त्याला अंघोळीला पाणी काढलं, वाळलेलं धोतर दिलं, भाकरी वाढली. तो जेवत असताना म्हणाली, "बाच्या तोंडात पानी न्हाय घातलं म्या. तू बगत हुतास. तवा बी बोलला न्हाईस."

मामाचा घास हातातच राहिला. "आन घातलती शिवे."

"मंग तिला कसं सांगितलंस?"

"तिला सांगू नगं, आसं कुटं म्हनला हुता त्यो?" मामा म्हणाला, आणि मग त्याच्यानं राहवलं नाही, ताटावर वाकून तो रडू लागला. "चाळीस वर्सं पोटात ठिवलं गं. मेल्यावर संगं नको न्ह्यायला."

शिवबाई त्याच्यावर ओरडली नाही. तिला राग कुणावर धरावा तेच कळत नव्हतं. इतकी वर्षं तो राग एका जागी बांधलेला होता, आता मोकळा झाला आणि त्याला घर सापडेना. संध्याकाळी ती मसणवट्यापर्यंत चालत गेली. बापाला नेमकं कुठं पुरलं ते तिला आठवेना, कारण ती त्या दिवशी गेलीच नव्हती.

पुढच्या रविवारी महानंदा येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण आली. शिवबाईनं स्वतः पोतं अंथरलं, उंबऱ्याच्या आत, आणि तिला समोर बसवलं.

"पयलं ते हिंदुराव खोड. रुद्रप्पा लिव्ह. क्लॅरिनेट वाजवायचा, हे बी लिव्ह. आन त्यो दारू पीत न्हवता."

महानंदानं लिहिलं.

"आता वाच."

तिनं वाचून दाखवलं. तेव्हापासून हा नेमच झाला. शिवबाई सांगायची, महानंदा लिहायची, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय उठायची परवानगी नसायची. एवढं करूनही घरी नेण्याआधी त्या पानांची नक्कल शिवबाईला द्यावी लागायची, आणि ती नक्कल ताडून बघायची. विश्वास बसला असं ती कधी म्हणाली नाही. महानंदानंही कधी विचारलं नाही. आईच्या लग्नाच्या सालाचं उत्तर तिला घरी मिळालं की नाही, हे शिवबाईनंही विचारलं नाही. फक्त संक्रांतीला मल्लव्वानं पोरीच्या हाती शेंगाच्या पोळ्या पाठवल्या, त्या शिवबाईनं मामाला आधी खायला लावल्या आणि मग स्वतः खाल्ल्या.

शेवटच्या रविवारी महानंदानं विचारलं, "तार काढली तो दिवस आठवतो का, मावशी?"

"आटवतोय की. मोठं पुढारी आलं, भाषनं झाली, आमच्या ब्यांडानं वाजवलं. पेढं वाटलं. तार कापली, समद्यांनी टाळ्या पिटल्या. मंग त्ये गेलं मोटारीतनं."

"आणि मग?"

"मंग सांज झाली. हजेरीची येळ. आन काय सांगू तुला, येक येक करून समदी मैदानात. बाया, बाप्ये, पोरं. रांगंनं हुबी. कुनी बोलावलं न्हवतं."

"का बरं?"

"भ्या वाटत हुतं. आमाला वाटलं, कोन पळतंय त्ये बगाया तार काडली आसंल. आदी ज्यो पळंल त्याला धरत्याल." ती पेन्सिलीकडं बघत होती, आज तिला तिची भीती वाटत नव्हती, पण नजर सवयीनं तिथं जात होती. "हुबं ऱ्हायलो, हुबं ऱ्हायलो. नाव वाचाया कुनी येईना. कुनी म्हनंना, जावा."

"किती वेळ उभे होता?"

"दिवं लागस्तवर. मंग कुनाचं तरी लेकरू रडाया लागलं, भूक लागलती त्याला. तशी त्याची आय निगाली. मंग तिच्या मागनं आमी. भाकऱ्या करायच्या हुत्या."

महानंदा लिहीत होती.

"दुसऱ्या दिवशी बी गेलतो," शिवबाई म्हणाली. "म्हैनाभर जात हुतो आमी. लिव्ह त्ये बी."